सुई खोटं बोलत नाही

आमच्या घरात भर थंडीतही पंखा चालतो. लोकांना वाटतं, बाईला गरम होत असेल, वयच आहे तसं. मला काही गरमबिरम होत नाही. मी स्वेटर चढवून, पायात मोजे घालून, डोक्यापर्यंत पांघरूण ओढून झोपते आणि उशाशी टेबलफॅन घरघरत असतो, कारण तो बंद केला की माझ्या नवऱ्याच्या कानातली शिट्टी सुरू होते. म्हणजे ती सुरूच असते. पंख्याच्या आवाजात जरा दबते, इतकंच.

ही शिट्टी अगदी स्वकष्टार्जित आहे. माझा नवरा गिटार वाजवतो, हेवी मेटल. बँडमध्ये त्याला सगळे कुऱ्हाड म्हणतात. पन्नाशी उलटली, केस पिकले, त्या केसांना बांधायला माझी रबरं नेतो आणि हरवून येतो, पण पोस्टरवर अजून कुऱ्हाडच. तरुणपणापासून भिंतीएवढ्या स्पीकरांसमोर उभं राहून वाजवलं. कानात बोळे घाल म्हटलं तर म्हणायचा, मग हातमोजे घालून जेवतो की. कुणाचं ऐकायचं नाही हा स्वभाव. आता ऐकायचीच पंचाईत झाली.

त्याचं संगीत मनापासून आवडणारं घरात एकच माणूस, माझ्या सासूबाई. त्यांना कमी ऐकू येतं. मुलाचं तेवढं सगळं ऐकू यायचं.

मी दातांच्या कवळ्या बनवते. डॉक्टरांकडून जबड्याचा ठसा येतो, त्यात प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा, मग घासायचं, चकाकी आणायची. दिवसभर कानाशी छोट्या मोटरची चिरचिर आणि नाकात पांढरी भुकटी. घरी यावं तर शांतता असावी एवढीच माझी अपेक्षा, आणि लग्न केलं कुणाशी, तर कुऱ्हाडीशी. तक्रार कुणाकडे करणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

शिट्टीबद्दल त्याने मला बजावून ठेवलं होतं, बाहेर अवाक्षर काढायचं नाही. वाजवणाऱ्याचे कान गेले ही बातमी एकदा फुटली की लोक त्याच्या बोटांकडे बघत नाहीत, कानाकडे बघतात. बँडमध्ये कुणाला माहीत नव्हतं. सुईलाही नाही, आणि सुई म्हणजे याचा जिवाभावाचा मित्र.

सुई म्हणजे बँडचा रेकॉर्डिंगवाला. गाद्यांच्या दुकानामागे त्याचा स्टुडिओ आहे, खिडकी नसलेली खोली. पूर्वी यंत्रांवर सुया असायच्या, आवाज किती, सूर कुठे हे दाखवणाऱ्या. तो तासन्‌तास त्यांच्याकडे डोळे लावून बसायचा म्हणून हे नाव पडलं. आता सुया गेल्या, पडद्यावर रेघा आल्या, नाव राहिलं. कुणी म्हणालं की मी बरोबर वाजवलं, तर हा यंत्राकडे बोट दाखवून म्हणणार, सुई खोटं बोलत नाही. घसा म्हणजे त्यांचा गायक, तो या एका वाक्यावरून दोनदा बँड सोडून गेला आणि परत आला.

तर गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याने माळ्यावरून एक जुनी गिटार काढली. नायलॉनच्या तारांची, वायर नाही, स्पीकर नाही, नुसतं लाकूड. सकाळी मी चहा टाकायची आणि हा ओट्याशेजारच्या स्टुलावर ती घेऊन बसायचा. आधी कितीतरी वेळ नुसता सूर लावायचा. यंत्र नाही, मोबाइल नाही, भिंतीकडे बघत एकेक तार पिळायची, थांबायचं, परत पिळायची. मी म्हणायची, अरे, लागली असेल आता, चहाचं पाणी आटलं. तो हात वर करून मला गप्प करायचा. मग वाजवायचा. सावकाश, अगदी सावकाश. चार सूर, मग थांबणार. परत तीन सूर, परत थांबणार. मध्ये एवढ्या रिकाम्या जागा की पहिल्यांदा मला वाटलं, पुढचं विसरला बिचारा. कुऱ्हाडीचा असा चमचा झालेला बघून मला धास्तीच वाटली, काही दुखतंय का म्हणून विचारलंसुद्धा.

पण त्याचा चेहरा बघण्यासारखा असायचा. कपाळावर मधोमध जी आठी कायमची पडली होती, ती वाजवताना नसायची. एकदा मी धुराचा पंखा लावायला गेले तर म्हणाला, राहू दे, नको लावू. या माणसाने पंखा नको म्हणावं! मग त्याने सांगितलं की हे वाजवताना शिट्टी त्रास देत नाही. का देत नाही, ते मी विचारलं नाही. सकाळी मला लॅब गाठायची असते, आणि चांगलं चाललेलं असताना खोदून विचारू नये एवढी अक्कल मला आहे.

थोड्या दिवसांनी त्याने जाहीर केलं, बँड सोडतोय आणि एकट्याचा अल्बम काढतोय. ड्रम नाहीत, गाणं नाही, शब्द नाहीत, ही एक गिटार फक्त. घसा म्हणाला, छान, बाळांना झोपवायला उपयोगी पडेल. नवऱ्याने मला मात्र खरं कारण सांगितलं. बोटांचे सांधे आता सकाळी धरतात, रोज वाजवणं जास्त दिवस जमणार नाही. एकदा नीट रेकॉर्ड झालं की हात चालले नाहीत तरी लावून ऐकता येईल.

"मला जगासाठी काही काढायचं नाहीये गं," तो म्हणाला. "मला बसायला एक जागा हवीय."

इतकं सरळ तो आयुष्यात बोलला नव्हता. मी कपबशा विसळत होते, माझे हात तसेच पाण्यात राहिले.

रेकॉर्डिंगला निघाला त्या सकाळी त्याने पहिली धून स्वयंपाकघरात सबंध वाजवली. मी मोबाइलवर टिपून घेतली. लॅबमध्ये मोटर चालू असताना कानात घालून ऐकावी म्हणून. मग तो गिटार तशीच, सूर लावलेली, पेटीत घालून सुईकडे गेला. असं काही दिवस चाललं. संध्याकाळी थकून यायचा, पण वेगळा थकून, जसा माणूस पोहून येतो. सुई काय म्हणाला विचारलं तर म्हणायचा, काही नाही म्हणाला, नुसता पडद्याकडे बघत होता. यंत्राला डोळे लावून बसणाऱ्याचं गप्प राहणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

अल्बम तयार झाला, एका लहान कंपनीने काढला, दुकानांत गेला, आणि मग आमच्या घरी सीडीचा खोका आला. सुट्टीचा दिवस होता. सासूबाईंना खुर्चीत बसवलं, मी भाजी चिरायची बाजूला ठेवली. त्याने स्वतःच्या हाताने पंखा बंद केला. सीडी लावली.

चार सूर वाजले, आणि त्याच्या कपाळावर आठी आली. त्याने बंद केलं. परत लावलं. डोकं एका बाजूला कलतं केलं, मग दुसऱ्या. दुसरी धून लावली, तिसरी लावली. मला तर सगळं छान वाटत होतं. सासूबाई म्हणाल्या, लाव की रे, वाजतच नाहीये. तो उठला, पेटीतून गिटार काढली, भिंतीकडे बघत सूर लावला, आणि तार छेडून सीडीशेजारी धरली. एकदा, दोनदा. मग गिटार खाली ठेवली.

"सरकली," तो म्हणाला.

मी विचारलं, काय सरकलं? मग त्याने सांगितलं, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की सकाळी तो भिंतीकडे बघून काय करत होता. तो गिटार शिट्टीला लावत होता. कानातली ती एकसारखी, बारीक, न थांबणारी शिट्टी, तिलाच त्याने मूळ सूर धरलं होतं आणि सगळ्या तारा तिच्याशी जुळवल्या होत्या. मग वाजवलं की शिट्टी बाहेरची राहायची नाही, त्या धुनेतलीच होऊन जायची. त्या रिकाम्या जागा रिकाम्या नव्हत्याच. तिथे तिची पाळी होती. आणि आता सीडीवरची गिटार तिच्याशी जुळत नव्हती, थोडीशी वर होती. जुळत नाही म्हणजे नुसतं जुळत नाही असं नव्हे. दोन सूर जवळ येऊन एकमेकांना घासतात, तसं ते कानात घासत होतं. म्हणजे शिट्टीने जागा बदलली. आज बदलली, उद्या पुन्हा बदलेल. तिच्यामागे किती धावायचं?

मी म्हटलं, सुईने काही केलं असेल. तो जवळजवळ रागावलाच. सुई माझ्या वाजवण्याला न विचारता हात लावत नाही, म्हणाला, इतक्या वर्षांत लावला नाही. मित्रावर संशय घेण्यापेक्षा स्वतःच्या कानावर घेणं त्याला सोपं गेलं.

मग त्याने भर दुपारी पंखा लावला आणि त्याच्यासमोर जाऊन बसला. गिटार पेटीत गेली, पेटी माळ्यावर. पुढे लोकांचे फोन यायला लागले. रेडिओवर कुणीतरी म्हणालं, किती शांत, किती सुरेल, ऐकून मनाला विसावा मिळतो. हा हो हो म्हणायचा, आभार मानायचा आणि फोन ठेवून पंख्यासमोर जाऊन बसायचा. अख्ख्या जगाला विसावा, आणि ज्याने खपून केला तो उपाशी. मला त्या दिवसांत सगळ्यांचाच राग यायचा. त्याचा, शिट्टीचा, फोन करणाऱ्यांचा. खरं सांगायचं तर मीच फार थकले होते. वर्षानुवर्षं पंख्यापुढे कुडकुडत झोपणाऱ्या बाईला वाटलं होतं की आता सुटले.

लॅबमध्ये एका दुपारी मी एका म्हाताऱ्या शिक्षकांचे पुढचे दात बसवत होते. दाताचा रंग नुसता बघून कधी कळत नाही. सगळे पांढरेच दिसतात. त्यासाठी आमच्याकडे नमुन्याच्या दातांची पट्टी असते, एकेक छटा शेजारी धरायची, मग दिसतं की हा पिवळट आहे, तो करडा आहे. ती पट्टी हातात असतानाच माझ्या मनात आलं, मोबाइल. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही. पण दोन गोष्टी शेजारी धरता येतात. त्या सकाळची धून एका कानात लावली, पर्समधली सीडी लॅबच्या कॉम्प्युटरवर लावून तीच धून दुसऱ्या कानात. त्याच दिवशी वाजवलेली, त्याच गिटारीवर, आणि सीडीवरची वर होती. थोडीशी, पण माझ्यासारखीलाही कळावी एवढी. शिट्टी कुठेही सरकली नव्हती. कुणीतरी गिटार सरकवली होती.

शिक्षकांचे दात तसेच मेणात ठेवून मी गाद्यांच्या दुकानामागे गेले.

एरवी मी त्याला सुईच म्हणते, अरेतुरे करते. भावजी म्हटलं की त्याला कळतं, आज आपलं काही खरं नाही. मी दारातूनच म्हटलं, "भावजी, तुम्ही त्याचा सूर वर चढवलात का?"

तो उठून उभा राहिला. नाही म्हणाला नाही. मला बसायला खुर्ची दिली, तिच्यावरच्या वायरी उचलून जमिनीवर ठेवल्या आणि मग सांगायला लागला. पहिल्याच दिवशी यंत्रावर दिसलं की गिटार उतरलेली आहे. फार नाही, पण आहे. त्याला वाटलं, झालं, कुऱ्हाडीचे कान गेले. सूर उतरलाय हे त्याला स्वतःला कळत नाहीये. तोंडावर कसं सांगणार? आयुष्यभर ज्याच्या शेजारी उभे राहिलो, त्याला सांगायचं की बाबा रे, तुला आता ऐकू येत नाही? म्हणून कुणाला न सांगता, एकट्याने बसून, त्याने एकेक धून बरोब्बर सुरात आणली. कंपनीलाही कळू दिलं नाही.

"वहिनी, मी त्याची लाज राखली," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणासाठी हे केलं नसतं."

आणि त्याचे डोळे भरून आले होते. मी भांडायला गेले होते, अगदी कंबर कसून. आता काय भांडणार? एकाने लपवलं मित्राला कळू नये म्हणून, दुसऱ्याने झाकलं मित्राला कळू नये म्हणून, आणि दोघांच्या मध्ये त्या बिचाऱ्या अल्बमचा बळी गेला. मग मी शब्द मोडला. शिट्टीची गोष्ट सांगितली, ती त्याने मूळ सूर म्हणून कशी धरली तेही सांगितलं. म्हटलं, आमच्याकडेही असं होतं, दिसायला सुंदर, सरळ, पुस्तकात दाखवावी अशी कवळी, आणि ज्याच्या तोंडात जायची त्याला तिने भाकरीचा तुकडा चावता येत नाही. सुई खुर्चीत बसला आणि पडद्याकडे नाही, जमिनीकडे बघत राहिला. मग विचारलं, "म्हणजे तो उतरलेला नव्हता?"

"नाही," मी म्हटलं. "लागलेला होता."

मूळ रेकॉर्डिंग त्याच्याकडे जपून ठेवलेलं होतं. सीडी परत काढायचा विषय कंपनीकडे काढून बघतो म्हणाला, पण छापल्या गेल्या, दुकानांत गेल्या, आता कोण ऐकणार? आणि कारण तरी काय सांगणार? आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो स्वतः मूळ प्रत घेऊन आला. दोघं समोरासमोर उभे राहिले. आयुष्यभर आरडाओरड्यात एकत्र काम केलेली ही माणसं, दोन वाक्यं हळू बोलायची वेळ आली तर कुणाला जमेना. मी सुईला सांगून ठेवलं होतं, गोलगोल बोलायचं नाही. त्याने सांगितलं. काय केलं, का केलं, सगळं. माझ्या नवऱ्याने ऐकून घेतलं.

"सुई खोटं बोलत नाही," सुई शेवटी म्हणाला, केविलवाणा हसत.

"नाही बोलत," माझा नवरा म्हणाला. "पण तिला विचारलं कुणी होतं?"

आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खुर्चीत बसवलं. दुकानांतल्या सीडींचं काय, सुईने विचारलं. राहू दे, हा म्हणाला, त्यांच्या कानात शिट्टी नाही, त्यांना चालेल. मी चहा केला. सुई तो अर्धाच पिऊन निघून गेला. ऐकायला थांबायचं धैर्य त्याला झालं नसावं.

मग आम्ही दोघंच उरलो. सासूबाई आत पडल्या होत्या. त्याने पंखा बंद केला आणि मूळ प्रत लावली. चार सूर वाजले, मग ती रिकामी जागा आली. मी त्याच्या कपाळाकडे बघत होते. आठी नव्हती. त्याने डोळे मिटले आणि मान मागे टेकवली, आणि मला रडूच आलं. मी ते येऊ दिलं.

पण माझ्या कानाला ती जागा अजून रिकामीच होती. इतकी वर्षं एका खोलीत झोपतोय, ज्या आवाजापायी मी हिवाळे काढले तो मी कधी ऐकलेलाच नव्हता. मी म्हटलं, मला ऐकव ना, इथे तुला काय ऐकू येतं ते. त्याने डोळे उघडले नाहीत. तोंड मिटून एक सूर काढला. शिट्टी खूप वर असते, त्याचा गळा तिथे कुठला जाणार, पण तोच सूर खाली आणून त्याने दिला. साधाच होता. मी तो धरला. मला गाता येत नाही, पण एकच सूर धरून ठेवायला काही लागत नाही.

तो थांबला, मी चालू ठेवलं. पुढची धून आली, तिच्यातल्या मोकळ्या जागा आल्या, आणि पहिल्यांदाच मला ती सगळी धून ऐकू आली, सलग. कुठेही काही विसरलं गेलेलं नव्हतं. खुर्चीतल्या खुर्चीत त्याला झोप लागली. दिवसाउजेडी, पंख्याशिवाय, तोंड थोडं उघडं.

सीडी संपली तरी मी सूर सोडला नाही. वाटलं, सोडला तर जागा होईल. श्वास घ्यायचा, पुन्हा धरायचा. घसा कोरडा पडला, जबडा दुखायला लागला, ओट्यावर भाजी तशीच पडली होती. मग मला झेपेना, मी थांबले. त्याच्या कानातली शिट्टी थांबत नाही. मला थांबता येत होतं.